वाचणार कोण, हा प्रश्न जरा बाजूला ठेवू

गेल्या काही आठवड्यांत या पानावर आपल्या लोकांची तीन-चार पत्रे आली. विषय एकच होता, की आपल्या ख्रिस्ती समाजात मराठी लिहिणारे उरले नाहीत. कोणी दोष इंग्रजी शाळांना दिला, कोणी मोबाईलला, एका भगिनींनी तर सरळ पाळकवर्गालाच धरलं. त्यातलं बरंचसं मला पटलं. पण एका पत्रात असा सूर होता, की वाचणारेच नसतील तर लिहिणाऱ्यानं कशाला झिजायचं? तो सूर मनात सलत राहिला. हे त्या एकट्या पत्रलेखकाचं म्हणणं नाही. रविवारी उपासना सुटल्यावर फाटकाशी उभं राहिलं की हेच ऐकू येतं. "तुमचं लिहिणं बरं असतंय हो, पण वाचतंय कोण आता?" बोलणारा प्रेमानंच बोलतो. त्याच्या नातवाला मराठी फाडफाड बोलता येतं, वाचताना मात्र तो जोडाक्षरापाशी अडखळतो, हे त्याला रोज दिसतंय.

परिस्थिती आधी मान्य करू. सीमाभागात आपण मराठी ख्रिस्ती दोन्ही अंगांनी थोडे. मराठी माणसांत ख्रिस्ती थोडे आणि ख्रिस्ती माणसांत मराठी थोडे. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, दुकानात नि कचेरीत कन्नड, आणि शेजार कोकणी असेल तर तीही जिभेवर. याचा मला राग नाही. चार भाषा येणं हे वैभवच आहे. पण अशा घरात लिहायची भाषा कोणती, हे कोणी ठरवत नाही. न ठरवताच ते ठरतं, आणि तेव्हा आपली भाषा कागदावरून उतरलेली असते. इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला असलेले आपले नातेवाईक फोनवर वेगळं काही सांगत नाहीत.

कागदावरून भाषा उतरली की तिच्याबरोबर आणखी बरंच काही उतरतं. कोणता मास्तर पायी चालत कोणत्या खेड्यात शाळा घ्यायला जायचा. बाप्तिस्मा घेतला म्हणून कोणाला घराबाहेर काढलं आणि रात्री कोणी आसरा दिला. प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांच्या उशाशी कोण बसलं. अमुक गीत आज ज्या चालीवर म्हणतो ती चाल कोणी बसवली. हे सगळं मिशनच्या जुन्या इंग्रजी अहवालांत शोधायला गेलं तर साहेबांची नावं सापडतात, मडमांची सापडतात, आपल्या माणसाची मात्र "एक देशी शिक्षक" एवढ्यावर बोळवण झालेली असते. त्याचं नाव, गाव, स्वभाव ज्यांना माहीत होता ते मराठीत बोलत होते, आणि त्यातले बहुतेक आता दफनभूमीत आहेत. जे चार-सहा उरलेत ते ऐंशीच्या पुढचे आहेत. म्हणून वाचणार कोण याची चर्चा आपण निवांतपणे करत बसावी अशी ही वेळ नव्हे.

लिहिण्यावर प्रवचन असलं की आपल्याकडे हमखास हबक्कूकाचा दुसरा अध्याय निघतो. दृष्टांत पाट्यांवर स्पष्ट लिहून काढ, तो यायला उशीर झाला तरी वाट पाहा, असा त्याचा भाव. सुंदरच आहे. पण लिहिणाऱ्यानं खरा वाचावा तो यिर्मयाचा ३६ वा अध्याय, आणि त्याला जोडून ४५ वा. हा ४५ वा इतका छोटा आहे की पान उलटताना निसटून जातो.

यिर्मयाला मंदिरात जाता येत नव्हतं. म्हणून तो तोंडानं सांगत गेला आणि बारूख लिहीत गेला. आज्ञा झाली ती यहोयाकीम राजाच्या चौथ्या वर्षी, आणि लोकांपुढे वाचन झालं ते पाचव्या वर्षाच्या नवव्या महिन्यात. मधले कित्येक महिने ते दोघं आणि ती गुंडाळी. सरदारांनी बारूखाला बोलावून विचारलं, की हे सगळं तू लिहिलंस तरी कसं? त्याचं उत्तर मला फार आवडतं. तो सांगत होता आणि मी शाईनं लिहीत होतो, इतकंच तो म्हणाला. मोठं काहीतरी सांगायची संधी होती, त्यानं शाईचं नाव घेतलं.

मग ती गुंडाळी राजापुढे गेली. थंडीचे दिवस, राजा हिवाळ्याच्या वाड्यात, समोर शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूनं कापायचा आणि शेगडीत टाकायचा. असं करत करत सगळी गुंडाळी संपली. तिघांनी नको नको म्हणून विनवलं, त्यानं ऐकलं नाही. रागाच्या भरात एकदम आगीत फेकली असती तर एक वेळ समजलं असतं. हा बाबा ऐकतोय, कापतोय, जाळतोय. "वाचतंय कोण" म्हणून हळहळणाऱ्यांनी बघावं, बारूखाच्या पुस्तकाला श्रोता मिळाला तो प्रत्यक्ष राजा, आणि त्यानं काय केलं ते हे.

पुढे आज्ञा झाली, दुसरी गुंडाळी घे. पहिल्यातलं सगळं पुन्हा लिहिलं गेलं, आणि तशीच आणखी पुष्कळ वचनं तीत घातली गेली. दुसरी प्रत पहिलीपेक्षा मोठी झाली.

आता तो ४५ वा अध्याय. बारूख थकलाय. कण्हून कण्हून दमलो, दुःखात आणखी भर पडली, विसावा म्हणून मिळत नाही, असं त्याचं गाऱ्हाणं. आपण असतो तर म्हटलं असतं, धीर धर लेकरा, एक दिवस तुझ्या लिहिण्याचं चीज होईल. देव तसं म्हणत नाही. तू स्वतःसाठी मोठाल्या गोष्टी शोधतोस काय? शोधू नकोस. जाशील तिथे तुझा जीव वाचवीन. बस्स. लिहिणाऱ्या माणसाला मिळालेलं याहून कोरडं उत्तर मला तरी माहीत नाही. पुस्तक गाजेल असं त्यात नाही, लोक ऐकतील असंही नाही.

म्हणून "चिकाटी ठेवा, देव यश देतोच" हा जो उपदेश आपण लेखकांना, परीक्षेला बसलेल्या पोरांना आणि नवीन दुकान काढणाऱ्यांना सरसकट करतो, तो मला खटकतो. पोरांचं आणि दुकानाचं मी सांगत नाही. लिहिण्यापुरतं तरी शास्त्रात तसं वचन मला सापडलेलं नाही. आणि आपल्या मराठी ख्रिस्ती लेखनाचा इतिहासही तसं म्हणत नाही.

पंडिता रमाबाईंचंच घ्या. त्यांचं उदाहरण आपण सगळे देतो, पण अर्धं देतो. विधवा, दुष्काळातल्या मुली, केडगावचं मुक्ती सदन, इथे आपलं भाषण संपतं. उरलेलं अर्धं असं, की आयुष्याच्या शेवटच्या पर्वात ही बाई हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणायला बसली. उतारवयातली कित्येक वर्षं त्यात गेली. बरं, मराठी बायबल तेव्हा नव्हतं का? होतं. पण त्याची भाषा संस्कृत वळणाची, आणि केडगावला आलेल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांना ती पेलत नव्हती. कलकत्त्याच्या विद्वानांनी संस्कृत विद्येबद्दल जिला पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं, त्याच बाईनं उतारवयात संस्कृत शब्द वेचून वेचून बाहेर काढले. मला यात मुक्ती सदनाइतकंच मोठं काम दिसतं. छपाईही तिथलीच, मुक्तीचा स्वतःचा छापखाना, आणि खिळे जुळवायला तिथल्याच मुली. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई स्वतः गेल्या. संपूर्ण बायबल बाहेर पडलं ते १९२४ मध्ये.

आणि मग? मग बहुतेक मंडळ्यांनी आपलं पूर्वीचंच बायबल वाचणं चालू ठेवलं. आज तुमच्या घरातल्या पवित्र शास्त्राचं पहिलं पान उघडून बघा, ते रमाबाईंचं निघण्याची शक्यता फार थोडी. हिशेबाच्या वहीत मांडलं तर एवढ्या वर्षांच्या कष्टांपुढे जमेच्या बाजूला फार काही दिसत नाही. पण त्या हिशेब मांडायला बसल्याच नव्हत्या. वाचणार कोण, याचं उत्तर त्यांच्या डोळ्यांपुढे बसलेलं होतं. कालपरवा अक्षरओळख झालेल्या, एक एक ओळ बोटानं धरून वाचणाऱ्या बायका. आणि त्याही आधी खिळे जुळवणाऱ्या त्या मुली, ज्यांच्या बोटांखालून प्रत्येक अक्षर गेलं. वाचक म्हणून एवढ्यांसाठी लिहावं का? रमाबाईंनी लिहिलं.

गोव्यातल्या बांधवांना फादर थॉमस स्टीफन्स सांगायला नकोत. हा इंग्रज जेजुइट १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि ओवी छंदात क्रिस्तपुराण रचलं. जवळपास अकरा हजार ओव्या. जुनी पुराणं बंद झाली, आता आम्ही वाचायचं काय, असं नव्या ख्रिस्ती लोकांनीच विचारलं, आणि त्यातून हे काम निघालं, असं त्या ग्रंथातच येतं. म्हणजे इथेही वाचक आधी, पुस्तक नंतर. १६१६ साली ते छापलं, पुन्हा १६४९ आणि १६५४ मध्ये छापलं. त्या तिन्ही छपायांमधली एकही प्रत आज उपलब्ध नाही. मधे १६८४ साली पोर्तुगीज सरकारचं फर्मान निघालं, की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. एवढ्यावर ते पुराण संपायलाच हवं होतं.

संपलं नाही, कारण लोकांनी ते हातानं उतरवून ठेवलं. कोणी, कुठे, कोणाच्या दिव्याखाली, नावं फारशी मिळत नाहीत. १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला ते पुन्हा छापलं ते अशा हस्तलिखितांच्या आधारे. १६५४ पासून १९०७ म्हणजे अडीचशे वर्षं. एवढा काळ हा ग्रंथ छापखान्याविना, केवळ लोकांच्या बोटांवर आणि गळ्यावर जगला. स्टीफन्स १६१९ मध्येच वारले होते. चिकाटी म्हणताना आपण नेहमी लेखकाचं नाव घेतो, पण इथे ती उतरवून घेणाऱ्यांची होती. त्यांतल्या पुष्कळ वह्या रोमन लिपीत आहेत हेही लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आपल्या बेळगावचाही एक माणूस आहे. तरुण संघात मी विचारलं तेव्हा दोघांनाच नाव ऐकून माहीत होतं. बाबा पदमनजी १८३१ साली इथे बेळगावात जन्मले, इथल्या मिशन शाळेत शिकले आणि १८५४ साली इथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८५७ मध्ये त्यांचं 'यमुनापर्यटन' निघालं. हिंदू विधवांची स्थिती हा त्याचा विषय, आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून अभ्यासक तिच्याकडे बोट दाखवतात. सगळ्या मराठी साहित्याच्या कादंबरीची सुरुवात ज्यांच्या नावानं सांगतात ते आपल्या गावचे, आपल्या मंडळीतले. पण मला त्यांचं वेगळंच काम आठवतं. मोल्सवर्थच्या अवाढव्य मराठी-इंग्रजी कोशाचा संक्षेप त्यांनी तयार केला. कोशाचं काम किती कंटाळवाणं असतं हे ज्यानं साधी मतदारयादी तपासली असेल त्याला कळेल. त्याला टाळ्या नाहीत, डोळ्यांत पाणी आणणारं प्रकरण नाही. 'अरुणोदय' हे आत्मचरित्र, शेकडा भरेल इतकी लहानमोठी पुस्तकं, आणि अशी शब्दाला शब्द लावायची कामं, १९०६ पर्यंत हे चाललं. त्यांतली बहुतेक पुस्तकं आज कोणी वाचत नाही. तरी मराठी गद्य ज्या वाटेनं पुढे आलं त्या वाटेवरचे काही दगड त्यांनी रचलेले आहेत.

लक्ष्मीबाई टिळकांबद्दल या पानावर अनेकदा लिहून आलंय, म्हणून थोडक्यात. रेव्हरंड टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरू केलं आणि १९१९ साली ते अपुरं टाकून गेले. सुरुवातीचे थोडे अध्याय तेवढे झाले होते. पूर्ण केलं ते लक्ष्मीबाईंनी, आणि फार मोठा भाग त्यांचा आहे. कधी शाळेत न गेलेली बाई. १८९५ साली नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा जी त्याच्यापासून वेगळी राहिली, १९०० साली स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झाली, तिनं नवऱ्याचा राहिलेला ग्रंथ पुरा केला. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागानं निघालं, आणि शेवटचा भाग आला तेव्हा त्या नव्हत्या. आज माझ्या शेजारच्या हिंदू घरांत बायबल नसेल, पण 'स्मृतिचित्रे' असतं. आणि ते वाचून हसणारी मंडळी आमच्याकडे नाताळचा फराळ खाताना लक्ष्मीबाईंच्या गोष्टी आम्हालाच सांगतात.

हे सगळं झाल्यावर आजचं आपलं लिहिणं बघितलं की जरा अवघडल्यासारखं होतं. अमुक वर्षं झाली म्हणून चर्चची स्मरणिका निघते. जाहिराती, मग शुभेच्छा, मग फोटोसह आणखी शुभेच्छा, मग कार्यकारिणीचा फोटो. इतिहास दोन पानं, तोही मागच्या स्मरणिकेतून जसाच्या तसा. तिच्यात सन चुकला असेल तर तो पुढची पंचवीस वर्षं चुकलेलाच राहतो, आणि पाहुणे व्यासपीठावरून तोच वाचून दाखवतात. लूकानं थियफिलाला लिहिताना आधी सांगितलंय, की मी सगळ्याचा मुळापासून बारकाईनं शोध केला. आपण निदान कोनशिलेवरचा सन तरी जाऊन बघावा!

तीच गोष्ट निधनवार्तांची. "मनमिळाऊ, प्रार्थनाशील, प्रभूत निद्रिस्त झाले." सगळेच. ज्या बाईनं चाळीस वर्षं शब्बाथ शाळेत आमचे कान पिळले आणि ज्या गृहस्थांनी दर वार्षिक सभेत हिशेबावरून भांडण काढून मंडळीचे पैसे वाचवले, ते दोघंही मेल्यावर एकसारखे मनमिळाऊ होतात. सकाळी गुलाबाच्या फुलावर वचन टाकून शंभर जणांना पाठवणं हे लिहिणं नव्हे, हे तर सांगायलाच नको. पाठवा जरूर, माझी हरकत नाही.

"प्रेरणा झाली की लिहीन" म्हणणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. पवित्र आत्म्याची वाट पाहतोय असं म्हटलं की पुढे कोणी बोलत नाही. पण हीच माणसं घंटा वाजवायला, सतरंज्या घालायला, प्रभुभोजनाचे पेले धुवायला प्रेरणेसाठी थांबत नाहीत. वेळ झाली की करतात. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी हळूच एक नाव येतं, तर्तियस. पत्र पौलाचं, हात याचा. एवढं लांब पत्र लिहून काढायला त्याला किती दिवस लागले असतील, बोटं किती दुखली असतील. लिहिणं हे सेवेतलंच एक काम आहे, आणि सेवेच्या कामाला आपण जशी माणसं नेमतो तशी इथेही नेमावीत. माईक आणि रोषणाईला मंडळीच्या खात्यातून पैसे निघतात. एका रिम कागदाला आणि एका कपाटाला निघायला हरकत नसावी.

आता त्या नातवाकडे येतो, जो जोडाक्षरापाशी अडखळतो. त्याला "मराठी वाच" म्हणून सांगून काही होत नाही, घरोघरी सांगून झालंय. त्याच्या हातात आजीची किंवा आजोबांची वही द्यावी आणि म्हणावं, हे उतरवून दे. मोबाईलवर टंकू दे, वहीत लिहू दे, जसं जमेल तसं. उतरवण्यासाठी वाचावंच लागतं, आणि आपल्याच घरातलं नाव दिसलं की पोरगं थांबून विचारतं. देवनागरी अगदीच जड जात असेल तर रोमन अक्षरांत उतरवू दे. हे वाचून काही जण रागावतील, माहीत आहे. पण क्रिस्तपुराणाच्या कितीतरी वह्या त्याच अक्षरांत तगल्या, आणि नंतर देवनागरीत यायला त्यांना कोणी अडवलं नाही. लिपी मागाहून बदलता येते, हरवलेली वही मात्र मागाहून मिळत नाही. आणि आजीनं लिहिलेले कन्नड शब्द दुरुस्त करत बसू नये. ती तशीच बोलत होती.

आमच्या मंडळीत हे सुरू झालंय. एका दिवंगत मास्तरांच्या सात वह्या त्यांच्या सूनबाईंनी रद्दीत न घालता आणून दिल्या. प्रवचनाची टाचणं, चार खेड्यांतल्या शाळांची हजेरी, रॉकेल आणि खडूचा हिशेब, मधेच एक गीत आणि शेजारी चालीची खूण, परत हिशेब. तीन मुलं शनिवारी दुपारी तासभर बसतात. त्यातला एक पूर्वी मराठीचा तास चुकवायचा, आता मास्तरांचं अक्षर तो माझ्यापेक्षा भराभर लावतो. पानाला कधी अर्धा तास लागतो, कधी पूर्ण तास एका ओळीत जातो, कारण शाई फुटलेली आहे. दोन वह्या झाल्या. तिसरीला एका बाजूनं वाळवी लागलीय, म्हणून तिच्या पानांचे फोटो आधी काढून घेतले.

या गतीनं पाच वह्यांना दीड-दोन वर्षं लागतील, आणि पूर्ण झाल्यावर त्या किती जण वाचतील हे मी मुलांना सांगितलेलं नाही, त्यांनीही विचारलेलं नाही. मधल्या वेळेत आणखी वह्या निघाल्या तर बऱ्या. आपल्याकडचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे, जूनमध्ये भिंती ओलावल्या की ट्रंकेतल्या कागदाला बुरशी धरते ती दसऱ्यापर्यंत सुटत नाही. ज्यांच्या घरी जुन्या वह्या, पत्रं, चर्चच्या नोंदींची पानं, हातानं लिहिलेली गीतं असतील त्यांनी मे महिन्यातच ट्रंक उघडून ती वाऱ्याला ठेवावीत. कडक उन्हात नकोत, शाई उडते. पानं चिकटली असतील तर ओढू नयेत. आणि माळ्यावरचं सामान काढताना बघावं, खाली अंथरलेला कागद नुसतं वर्तमानपत्र आहे की कोणाच्या हातचं काही आहे.